उजव्या दारातला आवाज

बाळाराम,

तुझं बारावं होऊन चार दिवस झाले आणि वैशालीचा फोन आला. "काका, नवी गाडी घेऊन या. बाबांच्या वहीत तुमचं काम राहिलंय. गाडी लिहिलीय, तुमचं नाव लिहिलंय, पण सेट कुठला ते लिहिलंच नाही." तुझी पोरगी हुशार आहे, पण तिला काय माहीत की ते लिहायचं राहिलं नव्हतं, ठरायचं राहिलं होतं. गेले तीन महिने आपण दोघं साठी उलटलेले बाप्ये गाडीत कुठला स्टिरिओ बसवायचा यावरून भांडत होतो. शेवटच्या फोनवर मी तुला "तुझा सेट तुलाच लखलाभ" म्हणालो आणि फोन ठेवून दिला. त्यानंतरच्या आठवड्यात तू गेलास.

आता तुझ्याशी भांडायची सोय राहिली नाही, म्हणून लिहितोय. मला कागद पुढ्यात घेऊन बसलेलं बघितलंस की तू म्हणायचास, "लिवतंस कशाला, बोल ना." बोलायचंच होतं रे. पंधरा वर्षं रोज बोलायला मिळत होतं आणि नेमकं जे बोलायचं तेच मी बोललो नाही. आज ते बोललो, पण तुझ्याशी नाही. कसं ते सांगतो.

तुझ्याकडे मी पहिल्यांदा आलो ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. मी तेव्हा वागळे इस्टेटमधल्या पंपाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होतो. दिवसभर लोकांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि डोंबिवलीला घरी गेलं की घरच्यांच्या काढायच्या, असा माझा दिनक्रम. पहिली गाडी घेतली होती, छोटीशी, जुनीच, पण मला तिचं कोण कौतुक. कुणीतरी सांगितलं, मागच्या गल्लीत एक शटर आहे, पाटीबिटी काही नाही, शीळफाट्याकडचा आगरी माणूस आहे, तो गाडीत आवाज बसवतो. स्पीकर बसवतो म्हणाला नाही, आवाज बसवतो म्हणाला. मी मनात म्हटलं, बघू या हा काय प्रकार आहे.

मी आलो तेव्हा तुझा चुलतभाऊ त्याच्या दांडग्या गाडीत बसला होता. शेतावर बिल्डरचे टॉवर उभे राहिले त्यानंतरची गाडी, गळ्यात बोटाएवढी जाड चेन, आणि हळदीच्या मांडवात लागतो तसला डीजे गाडीच्या डिकीत पाहिजे म्हणून हटून बसलेला. तू त्याला डोळे मिटायला लावलंस आणि एका म्हातारीचं गाणं लावलंस. ना ढोलकी, ना पेटी. नुसता गळा, बांगड्यांचा आवाज, लांबवर एक कोंबडा, आणि प्रत्येक ओळीच्या आधी घेतलेला श्वास.

"बाय कुठं उबी हाय?" तू विचारलंस. "बोट दाखव."

त्या पैलवानानं हळूच बोट उचललं आणि समोरच्या काचेच्या बरोबर मध्ये धरलं. गाणं संपलं तरी बोट तिथंच. डोळे उघडले तर पाण्यानं भरलेले. "ही आपली काकी ना रं?" म्हणाला. तू मान हलवलीस. ती तुझी आई होती. गावातली धवलारीण. तुमच्यात लग्न लागायचं ते तिच्या धवल्यांवर, हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं. तुझ्या बहिणीच्या लग्नात तू उसना टेपरेकॉर्डर आणून ते भरून घेतलं होतंस, आणि ती गेल्यावर तेवढंच उरलं होतं. नवीन सेट बसवला की गिऱ्हाइकाला तेच ऐकवायचं, ही तुझी रीत. "धडामधुडूम कुनीपन वाजवल," तू मला म्हणालास. "मानूस उबा करता आला पायजे."

मी थक्क झालो होतो. दारांतल्या स्पीकरच्या पत्र्याच्या वाट्यांतून, तारांतून, गेलेली बाई परत येते आणि काचेपाशी उभी राहते, आणि डोळे मिटलेला माणूस तिच्याकडे बोट दाखवतो. देवळातसुद्धा माझं असं कधी झालं नव्हतं.

मग आठवड्याभरानं माझ्या गाडीची पाळी आली. काम झालं होतं. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो, डोळे मिटले. तुझ्या आईचा आवाज आला. मी जाणकार माणसासारखं थोडं थांबलो, मान जराशी तिरकी केली, आणि बोट उचलून काचेच्या बरोबर मध्ये धरलं. चुलतभावानं धरलं होतं तिथंच, अगदी मापात.

डोळे उघडले तर तू माझ्या बोटाकडे बघत होतास. मग म्हणालास, "बरोबर. पन उद्या परत आन गारी. एक वायर बदलाची ऱ्हायली."

आता खरं सांगतो. मला ती कुठं उभी आहे हे अजिबात कळलं नव्हतं. कळणं शक्यच नव्हतं. नऊ वर्षांचा असताना मला गालगुंड झालं आणि त्यात डावा कान गेला तो कायमचा. बाहेरून काही दिसत नाही. पण एका कानाच्या माणसाला आवाज येतो, आवाज कुठून येतो ते कळत नाही. रस्त्यात कुणी हाक मारली की मी गोल फिरून सगळीकडे बघतो. शाळेत पोरं बहिऱ्या म्हणायची. पुढे कंपनीतली वार्षिक तपासणी, मुलगी बघायला जाणं, सोसायटीची मीटिंग, सगळीकडे मी ते लपवायला शिकलो. कुणाच्या डावीकडे बसायचं, कुठं नुसतं हसायचं, कुठं "हो ना" म्हणायचं. बायकोला लग्नानंतर सांगावं लागलं. मंगल तेव्हापासून माझ्या उजव्या बाजूनं चालते आणि चारचौघांत हा विषय काढत नाही. बाकी कुणाला म्हणजे कुणालाही माहीत नव्हतं.

आणि असला मी, स्टिरिओवर भाषणं देत फिरायचो! डावं-उजवं वेगळं ऐकू आलं पाहिजे, सतार इकडून आणि तबला तिकडून आला पाहिजे, हे सगळं मी कुठंतरी वाचलेलं आणि तुलाच ऐकवायचो. तू खाली वाकून तारा सोलत असायचास आणि म्हणायचास, "हाव सायब, बरोबर हाय."

पण दुसऱ्या दिवशी तू ती वायर बदललीस आणि काहीतरी अजबच झालं. घरी जाताना मुंब्रा बायपासवर मी गाणं लावलं आणि मला त्यात कधी न ऐकलेलं ऐकू यायला लागलं. जी गाणी मी लहानपणापासून ऐकत होतो त्यांत मागं एक बासरी होती, ती मला चाळिशी उलटल्यावर तुझ्यामुळे समजली. घरच्या रेडिओवर नाही, टीव्हीवर नाही, फक्त माझ्या गाडीत गाणं पुरं यायचं. मी शीळफाट्याच्या कोंडीत अडकलो की खूश व्हायचो. लोक हॉर्न मारून कान फोडायचे आणि मी आवाज वाढवायचो. भेटेल त्याला सांगायचो, बाळारामच्या हातात जादू आहे. फक्त मंगल कुरकुर करायची. एकदा टिटवाळ्याला पुतण्याच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला जाताना म्हणाली, "अहो, सगळा आवाज तुमच्याच दारातून येतोय. माझ्याकडे काहीच नाही." मी तिला म्हणालो, "तुला ऐकायची सवय नाही."

तुझी एक खोडी मी पुढे कितीदा बघितली. नवं गिऱ्हाईक आलं की पहिल्या खेपेला तू आईचा आवाज गुपचूप मागच्या डाव्या दारात टाकायचास. डोळे मिटलेला माणूस दचकून मागं वळायचा, तू खो-खो हसायचास, मग आवाज नीट मध्ये आणायचास. मोठमोठ्या माणसांना तू असं फसवलंस. मला नाही फसवलंस. मी मनातल्या मनात जाम खूश होतो. म्हटलं, साहेब म्हणून मला सोडलंन, शेवटी माणसाला माणसाची पारख असते.

मग आपली जोडीच जमली. तुझ्या सगळ्या चुलतभावांकडे गाड्या आणि तुझ्याकडे खटारा स्कूटर, म्हणून संध्याकाळी मी तुला शीळफाट्यापर्यंत सोडायला लागलो. तू माझ्या शेजारी डावीकडे बसायचास आणि बोलत राहायचास. माझा उजवा कान खिडकीकडे, ट्रकांकडे. तुझ्याकडे डावा. तू बोलायचास ते माझ्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी यायचं. मी हसायचो, मान हलवायचो. एकदा तू काहीतरी बराच वेळ सांगितलंस आणि मी जोरात हसलो. तू तोंड फिरवलंस. बाहेर बघत राहिलास. तू काय सांगत होतास हे मला आजही माहीत नाही. तुझ्या आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं एवढं माहीत आहे.

दुसऱ्या दिवसापासून तू मागच्या सीटवर बसायला लागलास. माझ्या बरोबर मागं. "म्होरं पाय आखरतान," म्हणालास, पुढच्या सीटवर पाय आखडतात म्हणे. मला इतका राग आला! मी काय तुझा ड्रायव्हर आहे? सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक बघायचे, मालक मागं बसलाय आणि टक्कल पडलेला ड्रायव्हर गाडी चालवतोय. मी दोन दिवस तुझ्याशी नीट बोललो नाही. तू मात्र मागून, दोन सीटच्या मधून नाही, दाराच्या बाजूनं पुढं वाकून माझ्याशी बोलत राहिलास. आणि मजा अशी की त्यानंतर आपल्या गप्पा रंगायला लागल्या. खाडीतले निवटे मासे कसे धरायचे, तुमच्या शेतात पूर्वी कुठला तांदूळ व्हायचा, वैशालीला कॉलेजात घालायचं की दुकानात बसवायचं. ती म्हणाली मला दोन्ही पाहिजे, आणि तू तिला दोन्ही दिलंस. हे सगळं मला तुझ्या तोंडून कळलं, आणि ते तू मागं बसायला लागल्यावर कळलं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

या वर्षी मुलानं हट्टानं मोठी गाडी घेऊन दिली. जुनी विकायची म्हणून तुझ्या दुकानाशी आणून लावली, आतला माल काढायला. आणि आपलं भांडण सुरू झालं. मला ती टॅबएवढी स्क्रीन पाहिजे होती, चारी दारांत महागातले स्पीकर, डिकीत बेसचा डबा. कल्याणला एका दुकानात मी ते सगळं निळ्या दिव्यांत बघून आलो होतो, तुला न सांगता. तू म्हणालास, आधी दारांना आतून शीट लावून घेऊ, पत्रा वाजतोय. बरं. मग म्हणालास, साधा सेट घे, पण ज्यात प्रत्येक दाराचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो आणि दोन्ही बाजू एक करता येतात असा. स्क्रीनचं नाव काढलं की म्हणायचास, "परदा बगाचाय का गाना आयकाचाय?"

मी भडकलो. म्हटलं, अख्ख्या गावाच्या गाड्यांत तू भारी सेट घालतोस आणि मलाच हा साधा का? तू ऐकून घ्यायचास आणि परत तेच. शेवटच्या फोनवर मी फार बोललो. तू म्हणालास, "सायब, आदी तू मना खरा सांग. मंग दोगांनी मिलून सेट निवरू." मला वाटलं, कल्याणच्या दुकानाचं तुला कळलं. चोरी पकडल्यासारखं झालं आणि मी फोन ठेवला.

तर आज सकाळी नवी गाडी घेऊन आलो. शटर अर्धं वर, तुझं स्टूल तसंच, त्यावर कुणी बसलेलं नाही. वैशाली जुन्या गाडीची सीट सोडवून आतल्या तारा बघत होती. मी तिच्या शेजारी उभा होतो. मग तिनं हातातल्या बॅटरीच्या उजेडात दारांतल्या जोडण्या बघितल्या, गाणं लावलं, बंद केलं, परत लावलं.

"काका, ही गाडी मध्ये दुसरीकडे कुठे दाखवली होती का?"

"नाही गं. तुझ्या बाबांशिवाय कुणी हात लावला नाही."

"मग हे कसं?" तिचा चेहरा उतरला होता. "डावं आणि उजवं एकत्र करून टाकलंय. सगळं तुमच्या दाराला जातंय. डावीकडे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे स्टिरिओच नाही हा, काका. इतकी वर्षं तुम्ही असंच ऐकलंत?"

मी वाकून त्या तारांकडे बघितलं.

"बाबांकडून असं झालं?" ती माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त बोलत होती. "मी लहानपणापासून बघतेय. त्यांच्या हातची चूक मी कधी बघितली नाही. मला वाटायचं होतच नाही." मग घाईनं म्हणाली, "सॉरी काका. मी नव्या गाडीत सगळं नीट करून देते. फक्त कुणाला बोलू नका प्लीज. आधीच गिऱ्हाइकं म्हणतायत, बाबा गेले, आता पोरगी काय करणार."

बाळाराम, त्या क्षणी मला एकेक करून सगळं कळलं. पहिल्या दिवशी तू मलाही फसवलं होतंस. तुझी आई मागच्या डाव्या दारात गात होती आणि मी मोठ्या ऐटीत काचेच्या मध्ये बोट धरून बसलो होतो. तुला तिथंच कळलं. तू हसला नाहीस. बरोबर म्हणालास, आणि रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी माझ्या एका कानाला पुरेल असं सगळं गाणं एका दारात आणलंस. स्वतःच्या रीतीच्या उलट, स्वतःच्या कानाला पटणार नाही असं काम केलंस. मागच्या सीटवर जाऊन बसलास, माझे टोमणे खाल्लेस. आणि हे तू वैशालीलाही सांगितलं नाहीस, जिला तू तारेचा तुकडासुद्धा का कापला ते सांगायचास. पंधरा वर्षं! मी चुका काढण्यात आयुष्य घालवलेला माणूस, मला तुझं हे दिसलं नाही. किती मोठा माणूस माझ्या गाडीत बसत होता रे. मला गल्लीत उभ्या उभ्या तुझ्या पाया पडावंसं वाटलं.

आणि तरीही, तुला खरं सांगतो, माझ्या जिभेवर दुसरंच वाक्य आलं होतं. "जाऊ दे गं, जुनं काम आहे, होतं कधीकधी." एवढं म्हटलं असतं की सुटलो असतो. पन्नास वर्षांची सवय. माझं झाकलेलं राहिलं असतं आणि चूक तुझ्या नावावर गेली असती. पोरगी खाली मान घालून तारेचा एक जोड बोटानं चाचपत होती, आपल्या बापानं असं का केलं असेल म्हणून.

"वैशाली, ती चूक नाही," मी म्हणालो. "माझा डावा कान बहिरा आहे. लहानपणापासून. तुझ्या बाबांनी ते ओळखलं होतं. माझ्यासाठी मुद्दाम केलंय ते."

आवाज उगाचच मोठा निघाला. समोरच्या गॅरेजमधला माणूसही वळून बघायला लागला. बघू दे.

वैशाली जोडाकडे बघत राहिली. मग तिनं बॅटरी जवळ नेली, टेप काढून आत बघितलं, आणि हळूच तो जोड परत तसाच गुंडाळला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, ते तिनं बाहीनं पुसलं. काही म्हणाली असेल तर मला ऐकू आलं नाही, ती माझ्या डावीकडे बसली होती.

ती उठली, गाडीला पूर्ण वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "आता सांगा काका, नव्या गाडीत कुठला सेट लावायचा?"

"तुझे बाबा सांगत होते तो," मी म्हणालो.